आवाज साफ करायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे गाळलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न आज घेऊन टाकतो. ‘दादा, शॉर्टफिल्मचं शूट झालंय, ऑडिओत प्रचंड नॉइज आहे, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?’ याच्या पुढे बहुतेक वेळा दुसरं वाक्य असतं, ‘आणि फ्री असेल तर बरं.’

मी दिवसा सॉफ्टवेअर लिहितो. कॉम्प्युटरमधलं बीटेक, नोकरीही त्यातलीच. शनिवार-रविवारी मित्रमंडळींच्या शॉर्टफिल्म आणि डॉक्युमेंटरींचा आवाज साफ करत बसतो. त्यामुळे हा डबा आतून कसा चालतो ते थोडं कळतं, आणि रात्री दोन वाजता त्याच्यासमोर बसून एकच वाक्य चाळीसदा ऐकताना काय होतं तेही.

नाव आधीच सांगतो, नाहीतर शेवटपर्यंत तुमचं लक्ष तिथेच राहील. पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये सगळ्यात जास्त दिसणारं नाव म्हणजे आयझोटोपचं आरएक्स. 2007 मध्ये पहिली आवृत्ती आली, आणि आज डायलॉग एडिटिंग करणाऱ्या बहुतेकांकडे त्याची कुठली ना कुठली आवृत्ती असते. एलिमेंट्स, स्टँडर्ड आणि ॲडव्हान्स्ड अशा त्याच्या पायऱ्या आहेत. ॲडव्हान्स्डची छापील किंमत हजार डॉलरच्या वर. झालं? आता हे नाव बाजूला ठेवा. कारण ‘कोणतं घेऊ’चं खरं उत्तर तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये असतं, कंपनीच्या वेबसाइटवर नसतं.

आपल्याकडे हा प्रश्न तसा नवाच आहे. कित्येक वर्षं शूटिंगचा आवाज नुसता खुणेसाठी घ्यायचे आणि नंतर नट स्टुडिओत येऊन सगळं डब करायचे. मागे जनरेटर धडधडत असला तरी कुणाचं अडत नव्हतं. 2001 च्या ‘लगान’नंतर सिंक साउंडची चर्चा पुन्हा जोरात सुरू झाली, आणि आता कॉलेजातली पोरंसुद्धा लोकेशनवरचाच आवाज वापरतात. ते चांगलंच आहे. पण त्या आवाजाबरोबर लोकेशनही आत येतं. पंखा येतो, एसटी येते, शेजारच्यांचा कुकर येतो.

आणि हे सगळे सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं एकाच जातीचे नाहीत. सगळ्याला आपण ‘नॉइज’ म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

घुंईऽऽ असा जो आवाज येतो, तो विजेचा हम. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून हा 50 वर, मग 100, 150, 200 असा पायऱ्या-पायऱ्यांनी बसलेला असतो. जागा ठरलेली, त्यामुळे काढायला सोपा. फक्त अमेरिकन ट्यूटोरियल बघून सेटिंग केलंत तर तिथे 60 असतं, तेवढं बदला. कुकरची शिट्टी, गाडीचा हॉर्न हे स्पेक्ट्रोग्राममध्ये स्पष्ट रेघांसारखे दिसतात. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचं चित्र: आडवा वेळ, उभी फ्रिक्वेन्सी, आणि जिथे आवाज मोठा तिथे रंग गडद. त्या चित्रात शिट्टीची रेघ ब्रशनं पुसता येते, फोटोतला डाग पुसावा तशी. यासाठी स्पेक्ट्रल एडिटर लागतो. आरएक्सच्या वरच्या आवृत्त्यांत तो चांगला आहे, आणि स्पेक्ट्रालेयर्सचं तर सगळं कामच त्यावर उभं आहे.

पंखा मात्र फसवा. आपल्याला वाटतं तो एकसारखा घरघरतोय, म्हणजे नमुना दिला की निघून जाईल. पण मिनिटाला 300 फेरे मारणारा तीन पात्यांचा पंखा म्हणजे सेकंदाला 15 वेळा एक पातं माइकवरून जातं. त्याच्याखाली बसून बोलणाऱ्याच्या आवाजालाच बारीक थरथर येते. मागचा घरघराट काढाल, पण ती थरथर बोलण्यात मुरलेली असते. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर घेतलंत तरी थोडीफार राहणार. (शूटच्या वेळी पंखा बंद करायचा बटण फुकट असतो, एवढंच म्हणतो.)

आणि पावसाळ्यात पत्र्याखाली केलेलं रेकॉर्डिंग! त्यावर येतोच.

आता आतलं यंत्र. थोडक्यात सांगतो, कंटाळू नका. जुनी पद्धत अशी की नुसत्या नॉइजचा एक-दोन सेकंदांचा तुकडा सॉफ्टवेअरला द्यायचा. ते त्याचा नमुना घेतं आणि सगळ्या रेकॉर्डिंगमधून तेवढा भाग वजा करत जातं. स्पेक्ट्रल सबट्रॅक्शन म्हणतात त्याला. यावरचा स्टीव्हन बोल यांचा गाजलेला पेपर 1979 चा आहे. ऑडॅसिटीचं नॉइज रिडक्शन याच घराण्यातलं, रीपरबरोबर येणाऱ्या रीफिरचा सबट्रॅक्ट मोडही त्यातलाच. नॉइज एकसारखा असेल तर ही पद्धत आजही उत्तम चालते. जास्त ओढलंत की मागे पाण्यातल्या बुडबुड्यांसारखे टुंग-टुंग आवाज उरतात.

नवी पद्धत न्यूरल नेटवर्कची. हजारो तास स्वच्छ बोलणं आणि त्यात मिसळलेला नॉइज दाखवून त्याला शिकवलेलं असतं की माणसाचं बोलणं कसं दिसतं. मग ते दर क्षणी ठरवतं, हा भाग बोलण्याचा, ठेवा. हा नाही, दाबा. नमुना द्यावा लागत नाही. वेव्ह्जचं क्लॅरिटी व्हीएक्स, सुपरटोनचं क्लिअर, डाविंची रिझॉल्वच्या स्टुडिओ आवृत्तीतलं व्हॉइस आयसोलेशन, अशी बरीच आहेत. एक नॉब फिरवायचा, गोंगाट गायब. पहिल्यांदा बघताना जादूच वाटते.

पण ‘बोलणं कसं दिसतं’ हे ते कुणाच्या बोलण्यावरून शिकलं? संशोधनात सर्रास वापरला जाणारा व्हॉइसबँक-डिमांड हा संच इंग्रजी बोलणाऱ्यांचा आहे. आता आपली भाषा बघा. ‘चाक’ आणि ‘चोर’मधला च. त्याच्या शेवटाला ‘स’सारखा बारीक फुसकारा असतो. ‘झाड’मध्ये तसंच. ‘म्हणून’, ‘उन्हाळा’, ‘व्हय’ यांतला तो श्वास. हा फुसकारा आणि हा श्वास चित्रात पाहिलात तर गोंगाटासारखाच पसरलेला दिसतो. नॉब पूर्ण फिरवलात की माझ्या कानांना पहिल्यांदा हेच जाताना ऐकू येतं. ‘म्हणून’चं ‘मणून’ होतं. वाक्याच्या शेवटी आवाज उतरतो तिथलं ‘आहे’ अर्धं गिळलं जातं. गावाकडच्या वयस्कर माणसांच्या बोलण्यात तर हे फार, कारण त्यांचं निम्मं बोलणं श्वासावर असतं.

म्हणून माझी परीक्षा एकच आहे. सॉफ्टवेअरनं काय ठेवलं ते नंतर ऐका. काय काढलं ते आधी ऐका.

बऱ्याच चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये याची सोय असते. आरएक्सच्या डीनॉइजमध्ये फक्त नॉइज ऐकवणारी चौकट आहे, डीक्लिकमध्ये फक्त क्लिक ऐकवणारी. फुकटच्या ऑडॅसिटीमध्येसुद्धा ‘रेसिड्यू’ असा पर्याय आहे. तो निवडला की काढलेला कचरा तेवढा ऐकू येतो. आणि ज्यात अशी सोय नाही तिथे हातानं करा: मूळ ट्रॅक एका ओळीवर, साफ केलेला दुसऱ्या ओळीवर, दुसऱ्याला इन्व्हर्ट करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. जे दोघांत सारखं आहे ते एकमेकांना मारतं, आणि फरक तेवढा उरतो. दोन्ही ट्रॅक सॅम्पलपर्यंत जुळलेले हवेत आणि सॉफ्टवेअरनं मध्येच आवाज मोठा केलेला नसावा, एवढं सांभाळा. त्या फरकात नुसती घरघर असेल तर छान. त्यात शब्द कळत असतील, तर तुम्ही नॉइजबरोबर माणूसही काढताय.

हे मला इतकं का महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. गेल्या वर्षी एका मैत्रिणीच्या डॉक्युमेंटरीचा आवाज माझ्याकडे आला. तमाशात आयुष्यभर ढोलकी वाजवलेले एक आजोबा, कोल्हापूरकडचे. पत्र्याच्या घरात मुलाखत, जुलै महिना, बाहेर पाऊस कोसळतोय. कॉलर माइक सदऱ्यावर घासतोय. आणि मुलाखतीनंतर दोन महिन्यांनी आजोबा गेले. म्हणजे पुन्हा बोलवून घेऊ, डब करू, असा काही मार्गच नाही. जे आहे ते त्या सत्तेचाळीस मिनिटांच्या फाइलमध्ये.

पत्र्यावरचा पाऊस म्हणजे हजारो बारीक टकटक एकमेकींवर चढलेल्या, आणि खालपासून वरपर्यंत सगळ्या फ्रिक्वेन्सींत. मी चार वेगवेगळी सॉफ्टवेअरं लावून पाहिली. चारहींनी पाऊस बऱ्यापैकी काढला. मैत्रीण खूश. मग नेहमीप्रमाणे काढलेला भाग वाजवला. पाऊस, पाऊस, पाऊस, आणि त्यात मध्येच एक ठेका.

ती म्हणाली, “थांब. अरे, ही त्यांची बोटं आहेत.”

आजोबा बोलता बोलता खाटेच्या कडेवर बोटांनी वाजवून दाखवत होते. तोंडानं बोल म्हणायचे आणि बोटं तेच लाकडावर. सॉफ्टवेअरच्या हिशेबात टकटक म्हणजे बोलणं नव्हे, म्हणजे काढा. पाऊस आणि ढोलकीवाल्याची बोटं त्याला सारखीच. त्यात त्याची काही चूक नाही, त्याला बोलणं वाचवायला शिकवलंय आणि ते त्यानं केलं. पण त्या फिल्ममध्ये ती बोटं बोलण्याइतकीच महत्त्वाची होती. किंबहुना जास्त.

मग काम असं केलं. बोटं वाजतात त्या सगळ्या जागा स्पेक्ट्रोग्राममध्ये शोधल्या. लाकडावरचा ठोका खाली, दोन-तीनशे हर्ट्झच्या आसपास जाड दिसतो. पावसाचा थेंब तिथे तितका जाड नसतो, त्यामुळे डोळ्यांनी सापडतात. त्या तुकड्यांना न्यूरलवालं अजिबात लावलं नाही. जुन्या पद्धतीचं सबट्रॅक्शन, तेही सहा डेसिबलपुरतं, आणि तेवढंच वरच्या पट्ट्यात. बाकीच्या बोलण्याला न्यूरल, पण अर्ध्यावर. सदऱ्याची खसखस वेगळी, एकेक जागा हातानं. आणि मग सगळ्याखाली त्याच घराचा, त्याच पावसाचा एक थर परत घातला. नाहीतर बोटं वाजली की पाऊस येतो आणि थांबली की जातो, असं झालं असतं. फिल्ममध्ये पाऊस ऐकू येतो. येऊ दे की, दारातून दिसतोच आहे.

याच फाइलवर एक तिसऱ्या जातीचं सॉफ्टवेअरही पाहिलं होतं. एका ऑनलाइन सेवेवर फाइल चढवायची, मिनिटभरात स्टुडिओत रेकॉर्ड केल्यासारखा आवाज परत येतो. नाव घेत नाही, कारण मुद्दा त्या एका सेवेचा नाही, त्या जातीचा आहे. ही जनरेटिव्ह सॉफ्टवेअरं नॉइज वजा करत नाहीत; तुमचं बोलणं ऐकून तसंच बोलणं नव्यानं रंगवतात. म्हणून वर सांगितलेली इन्व्हर्टची युक्ती त्यांच्यावर केलीत तर फरकात अख्खा माणूस ऐकू येतो, कारण मूळ आणि नवा एकमेकांना मारतच नाहीत. परत आलेला आवाज एकदम स्वच्छ होता. पाऊस नाही, खसखस नाही. बोटंही अर्थात नाहीत. आणि जिथे आजोबा म्हणाले होते ‘फडात’, तिथे स्पष्ट ऐकू येत होतं ‘फळात’. तमाशाच्या फळात! पावसाखाली तो ड नीट ऐकू आला नसेल, मग यंत्रानं त्याला जवळचं वाटलं ते भरलं.

जाहिरात असेल, तुमचा स्वतःचा पॉडकास्ट असेल, बोलणारा समोर बसून ‘हो, मी हेच म्हणालो’ असं सांगू शकत असेल, तर वापरा खुशाल. मीही वापरतो. पण मुलाखत, साक्ष, आठवण, जिथे माणसानं नक्की काय म्हटलं याला किंमत आहे, तिथे मी ही जात बाहेरच ठेवतो. आजोबा न बोललेला शब्द त्यांच्या आवाजात पडद्यावर गेला असता, आणि तो दुरुस्त करायला ते नाहीत. शिवाय दुसऱ्याची खासगी मुलाखत कुठल्या सर्व्हरवर चढवायची असेल तर त्या माणसाला विचारावं लागतं. सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर, नेट बंद करून चालतं का, हा प्रश्न खरेदीआधी विचाराच.

आता खरेदीचं. डेमो घ्या, जवळजवळ सगळ्यांचे मिळतात. पण कंपनीच्या नमुन्यावर बघू नका, तो त्यांनी जिंकण्यासाठीच निवडलेला असतो. आम्ही कोड लिहिताना टेस्ट केसेस ठेवतो, तसा एक फोल्डर करा. तुमच्या स्वतःच्या कामातले सगळ्यात वाईट पाच तुकडे, प्रत्येकी तीस सेकंद. एक पंख्याचा, एक रस्त्याचा, एक घासणाऱ्या माइकचा, एक फाटलेल्या आवाजाचा, आणि एक जवळजवळ चांगला. हा शेवटचा विसरू नका, कारण चांगल्या आवाजाचं किती नुकसान होतं तेही कळायला हवं. प्रत्येक डेमोतून पाचही काढा, सगळ्यांचा लाउडनेस सारखा करा, फाइलची नावं दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा आणि मग ऐका. लाउडनेस सारखा न करता ऐकलंत तर मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो, आणि तुम्ही मोठ्या आवाजाला पैसे द्याल. जमलं तर घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यांना ऐकवा आणि विचारा, ‘काय म्हणाले ते सांगा.’ माझी आई या परीक्षेत अतिशय कडक आहे. ‘छान आहे, पण कळलं नाही’ म्हणाली की ते सॉफ्टवेअर बाद.

लायसन्सकडेही बघा, हे मी इंजिनिअर म्हणून कळकळीनं सांगतोय. अक्युसोनस नावाच्या ग्रीक कंपनीचं ईआरए बंडल बऱ्याच यूट्यूबर्सचं आवडतं होतं. स्वस्त, एका नॉबचं. 2022 मध्ये मेटानं ती कंपनी घेतली आणि ईआरएची विक्री बंद झाली. याउलट स्पेक्ट्रालेयर्स सोनीकडून मॅजिक्सकडे आणि तिथून स्टाइनबर्गकडे गेलं, आणि अजून चालू आहे. कुणाचं काय होईल हे आपल्या हातात नाही. म्हणून प्रोजेक्ट संपलं की साफ केलेला आवाज वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा, आणि मूळ फाइलला हात लावू नका. नुसत्या प्लगइनच्या भरवशावर सेशन ठेवलंत तर तीन वर्षांनी ते उघडेल, पण प्लगइन नसेल.

महागड्या टोकाला सिडार आहे, केंब्रिजची कंपनी, ब्रिटिश लायब्ररीच्या ध्वनिसंग्रहातल्या जुन्या रेकॉर्डिंग्जच्या कामातून निघालेली. मोठ्या मिक्सिंग थिएटरांत त्यांची यंत्रं वर्षानुवर्षं चालतात. आपल्यातल्या बहुतेकांना ते घ्यायचं कारण नाही, पण नाव माहीत असू द्या.

तर माझं म्हणणं असं. पैसे नसतील तर ऑडॅसिटी किंवा रीपर, आणि भरपूर वेळ. रीपरचा साठ दिवसांचा पूर्ण डेमो आहे आणि छोट्यांसाठीचं लायसन्स साठ डॉलरचं. व्हिडिओ रिझॉल्वमध्येच कापत असाल आणि स्टुडिओ आवृत्ती आधीपासून असेल, तर त्यातलं व्हॉइस आयसोलेशन पुरवून बघा, लगेच नवीन काही घेऊ नका. दुसऱ्यांचं काम पैसे घेऊन करत असाल तर स्पेक्ट्रल एडिटर असलेलं काहीतरी लागणारच, तिथे आरएक्स स्टँडर्ड किंवा स्पेक्ट्रालेयर्स. ॲडव्हान्स्डच्या मागे लगेच लागू नका. आणि नोव्हेंबरपर्यंत थांबता येत असेल तर थांबा, तेव्हा सगळीकडे सेल असतात. माझ्याकडे स्वतःकडे आरएक्स स्टँडर्ड आहे, एक न्यूरल प्लगइन आहे, आणि रीफिर अजून दर आठवड्याला उघडतो.

जाता जाता एक. परवा कुणीतरी लोकेशनचा आवाज व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवला आणि विचारलं, हा साफ होईल का. व्हॉइस नोट आधीच दाबून, बारीक करून येते; त्यातलं जे गेलं ते गेलं. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवत जा, म्हणजे मूळ जशीच्या तशी येते. आणि शूटवर निघताना प्रत्येक खोलीचा तीस सेकंद नुसता, कुणीही न बोलता, आवाज घेऊन ठेवा. त्याला रूम टोन म्हणतात. आजोबांच्या घरातला तो पावसाचा थर आम्हाला त्यामुळेच मिळाला. मैत्रिणीनं मुलाखत संपल्यावर माइक लगेच बंद केला नव्हता.

पुढच्या भागात याच रूम टोनवर बोलू. तोपर्यंत तुमचे ते पाच वाईट तुकडे गोळा करा.